वाचकांचे प्रश्न : लॅपटॉप मंदही झाला आहे आणि मधेच बंदही पडतो

प्रश्न : मी भाषांतराचे काम करते. माझा लॅपटॉप २०१६ साली घेतलेला असून त्यात ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. चालू केल्यापासून प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत दहा-बारा मिनिटे जातात. गेल्या दोन महिन्यांपासून आणखी एक त्रास सुरू झाला आहे. कधी पडदा निळा होऊन लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होतो, तर कधी काहीही न दाखवता एकदम बंद पडतो. मी एक क्लीनर प्रोग्रॅम चालवून पाहिला, दुसरा अँटिव्हायरस टाकला, बरेच फोटो पुसून जागा मोकळी केली. पण फरक पडला नाही. एका परिचितांनी फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांनी नवाच घ्या असे सांगितले. माझे आठ वर्षांचे काम याच लॅपटॉपवर आहे आणि त्याची दुसरी प्रत नाही. काय करावे?

उत्तर : आठ वर्षांच्या कामाचा उल्लेख आपण पत्राच्या शेवटी केला आहे, मी मात्र उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. आपण वर्णन केलेल्या लक्षणांमागे जी कारणे संभवतात त्यांपैकी एक म्हणजे हार्ड डिस्कच निकामी होत चाललेली असणे. तसे असेल तर तपासणी, सफाई, फॉरमॅट यांपैकी प्रत्येक उपाय त्या डिस्कला अधिक राबवणारा आहे. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या अशाच रखडणाऱ्या लॅपटॉपवर मी रात्री डिस्कची संपूर्ण तपासणी व दुरुस्ती करणारी आज्ञा चालवली आणि झोपायला गेलो. अशा तपासणीत डिस्कचा कण अन् कण वाचला जातो. मरणपंथाला लागलेल्या डिस्कसाठी याहून कठोर परीक्षा नाही. सकाळी लॅपटॉपला ती डिस्क ओळखताही येत नव्हती. त्यातले लहान मुलांचे फोटो परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी कोणालाही पहिला सल्ला देतो तो एवढाच, की निदान नंतर, प्रत आधी.

त्यासाठी बाहेरून जोडायची एक डिस्क घ्यावी आणि जे पुन्हा कुठूनही मिळणार नाही ते सर्वांत आधी उचलावे : पूर्ण झालेली व चालू असलेली भाषांतरे, वर्षानुवर्षे जमवलेले शब्दसंग्रह, ट्रान्सलेशन मेमरीच्या (आधी केलेली भाषांतरे वाक्यावाक्याने साठवणाऱ्या) फाइली, पत्रव्यवहार. प्रोग्रॅम पुन्हा टाकता येतात, त्यांच्यामागे वेळ घालवू नये. अख्खी डिस्क एका दमात उतरवण्याचा मोहही टाळावा. एखाद्या फाइलपाशी कॉपी अडकून राहिली, तर ती फाइल सोडून पुढे जावे. वाचता न येणारा एकच भाग पुन्हा पुन्हा वाचण्याच्या खटपटीत डिस्क आपला उरलासुरला जीव खर्ची घालते, आणि तेवढ्यात निरोगी भागातील शेकडो फाइली उतरवून झाल्या असत्या. अडलेल्या फाइलींसाठी शेवटी पुन्हा प्रयत्न करावा. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॅपटॉपवरच उतरवून घेतलेली ईमेल या तीन गोष्टी घाईत हमखास राहून जातात. प्रत तयार झाल्यावर ती दुसऱ्या संगणकाला जोडून आठ-दहा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये.

हे झाल्यावर निदानाकडे वळू. आपल्या तक्रारी तीन आहेत आणि त्या वेगवेगळ्या ठेवूनच पाहायला हव्यात : मंदपणा, निळा पडदा आणि काहीही न सांगता बंद पडणे. तिन्हींचे मूळ एक असू शकते, पण ते गृहीत धरले तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार होतो.

मंदपणाचे कारण शोधायला काहीही विकत घ्यावे लागत नाही. लॅपटॉप चालू केल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क या तीन रकान्यांकडे दहा मिनिटे नुसते पाहत राहावे. आपल्यासारख्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा असे दिसते की सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत आहे, मेमरी ऐंशी-नव्वद टक्के भरली आहे आणि डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटून बसला आहे. त्याच वेळी डिस्कचा वाचण्याचा वेग पाहिला तर तो सेकंदाला एक-दोन मेगाबाइट इतका क्षुल्लक असतो. डिस्क पूर्ण राबते आहे आणि तरीही हाती काही लागत नाही, हे विचित्र वाटते. पण हिशेब करून पाहिला तर त्यात नवल नाही.

लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात आणि हवा असलेला भाग वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते. त्याआधी ते हेड योग्य वर्तुळापर्यंत सरकायला आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. म्हणजे तबकडीवर विखुरलेला माहितीचा एकेक तुकडा उचलायला पंधरा ते वीस मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम पन्नास-साठ तुकडे. विंडोज, अँटिव्हायरस, अद्ययावत करणारे प्रोग्रॅम आणि ब्राउझर सुरू होताना समजा असे ३०,००० तुकडे वाचायचे असले, तर सेकंदाला ६० या वेगाने ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक वेळ लागणार. आपली दहा-बारा मिनिटे इथे जातात. फोटो पुसून यात फरक पडला नाही याचे कारणही हेच, की अडचण जागेची नव्हती, तुकडे उचलण्याच्या वेगाची होती. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारी तबकडीच नसल्यामुळे असा तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळतो.

यात ४ जीबी रॅमची भर पडते. रॅम म्हणजे चालू कामातील माहिती ठेवण्याची तात्पुरती जागा. ती अपुरी पडली की विंडोज तिच्यातील काही मजकूर डिस्कवरील पेज फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. रॅममधून काही वाचायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. तेच डिस्कवरून आणायचे म्हटले की वेळ लाख-दीड लाख पटींनी वाढतो. आधीच धापा टाकणाऱ्या डिस्कवर हे ओझे पडते, आणि ब्राउझरमध्ये शब्दकोशाची पाने उघडी ठेवून काम करणाऱ्या भाषांतरकाराच्या लॅपटॉपवर तर ते दिवसभर पडत राहते.

आता डिस्क नुसती मंद आहे की आजारी आहे, ते पाहावे. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. त्या नोंदीला स्मार्ट म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. वरची ‘चांगली’ किंवा ‘सावध’ अशी पाटी पाहून थांबू नये. क्रमांक ५, १९७ आणि १९८ या ओळी पाहाव्यात. बिघडलेले भाग वगळून त्यांच्या जागी राखीव भाग किती वापरले ते ५ मध्ये कळते. संशयास्पद म्हणून रांगेत असलेले भाग १९७ मध्ये, तर वाचणे वा दुरुस्त करणे शक्य न झालेले भाग १९८ मध्ये मोजले जातात. या प्रोग्रॅममध्ये मूळ आकडे षोडशमान पद्धतीने दाखवले जातात, त्यामुळे शेवटी १० दिसले तर ते सोळा समजावेत. तिन्ही ओळींत शून्य असेल तर उत्तम. आकडा शून्याहून मोठा आहे आणि आठवड्याभरात तो वाढलेला दिसतो, असे असेल तर ती डिस्क बदलण्याबाबत दुसरा विचार करू नये. क्रमांक १९९ मात्र वेगळा आहे. तो बहुधा जोडणीच्या केबलमधील दोष सांगतो, आणि डिस्क निर्दोष असूनही तो वाढू शकतो.

निळ्या पडद्याला लोक घाबरतात, पण तिन्ही तक्रारींत तीच सर्वांत बोलकी. पडद्याच्या तळाशी इंग्रजीत एक कारण लिहिलेले असते. पुढच्या वेळी त्याचा फोनवर फोटो काढून ठेवावा. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असे असेल, तर मघाशी सांगितलेल्या पेज फाइलमधील मजकूर परत वाचताना विंडोजला अपयश आले असा अर्थ होतो आणि संशय प्रथम डिस्कवर जातो. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर रॅम तपासावी. ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे हार्डवेअरनेच गंभीर दोष कळवला आहे. दर वेळी निराळेच कारण दिसत असेल, तर मी रॅमकडेच बोट दाखवीन. कारण सदोष रॅम कोणत्या क्षणी कोणाच्या मजकुरात घोळ घालील याचा नेम नसतो. फोटो काढायचा राहून गेला तरी बिघडत नाही. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर हे पान दिवसवार तक्ता दाखवते आणि कोणत्या तारखेला काय कोसळले ते त्यात मागे जाऊन वाचता येते. दोन महिन्यांपूर्वी, त्रास सुरू झाला त्याच सुमारास, एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा आपला तो दुसरा अँटिव्हायरस आलेला आहे का, हेही तिथेच समजेल.

रॅम तपासण्यासाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक आहे, पण ते थोडक्यात उरकते. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू ठेवावा. त्यात एक जरी चूक दिसली तरी ती दुर्लक्षिण्याजोगी नसते. मात्र लगेच रॅम टाकून देऊ नये. लॅपटॉप बंद करून, बॅटरी वेगळी करून, रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी आणि तपासणी परत करावी. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने पट्टी खाचेत किंचित सैल झालेली असते, आणि एवढ्याने दोष गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

काहीही न सांगता बंद पडण्यामागे बहुधा उष्णता किंवा वीजपुरवठा असतो. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत अशा प्रसंगानंतर कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडते आणि अनेक जण तिलाच कारण समजतात. ती नोंद फक्त इतकेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कारण शोधायचे तर वेळापत्रक पाहावे. जड काम सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडतो, लगेच चालू केला तर पाच मिनिटांतच पुन्हा बंद पडतो आणि तासभर थांबल्यावर ठीक चालतो, असा क्रम असेल तर ती उष्णता आहे. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सियसच्या जवळ गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान आवरले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. म्हणजे उष्णता मंदपणाही देते आणि बंदही पाडते.

अनेक वर्षे न उघडलेल्या लॅपटॉपचे खालचे झाकण काढले की पंख्याची पाती बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात आणि माणूस फसतो. धूळ असते ती पंखा आणि तांब्याच्या बारीक पत्र्यांची जाळी यांच्या मधल्या फटीत. पंखा बाजूला केल्यावर तिथून राखाडी रंगाची, नमद्यासारखी दाट, अखंड पट्टी चिमट्याने निघते. पंखा फिरत असतो, आवाजही करत असतो, पण हवा बाहेर पडायला वाटच नसते. बाहेरून हवेचा झोत मारला तर ही पट्टी फक्त आत ढकलली जाते. झोत मारायचाच असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाही तर तो अतिवेगाने फिरून बिघडू शकतो. जाळी साफ करतानाच प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर वाहून नेण्यासाठी लावलेला लेप) पुसून नवी लावून घ्यावी. झाकण उघडण्याचा सराव नसेल तर हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावे, पण पंखा काढून मागची जाळी साफ करायची आहे, असे स्पष्ट सांगून द्यावे.

बंद पडण्याला काळवेळेचा ताळमेळ नसेल, तर वीज तपासावी. एक दिवस फक्त अडॅप्टरवर आणि एक दिवस, चालेल तितका वेळ, फक्त बॅटरीवर काम करून पाहावे. कोणत्या दिवशी त्रास होतो यावरून बाजू ठरते. लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डगमगत असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा त्याची कळ दाबली जात नसेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे आणि त्याच क्षणी वापर थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबून बसवणे किंवा तिला टोचणे हे आगीला आमंत्रण आहे.

आपण केलेल्या उपायांविषयी थोडेसे. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस ठेवू नयेत. दोघेही उघडलेली प्रत्येक फाइल तपासतात आणि एकमेकांच्या आड येतात. विंडोजचे स्वतःचे डिफेंडर पुरेसे आहे. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंद) साफ करणाऱ्या क्लीनर प्रोग्रॅमने वेग वाढत नाही, उलट कधी कधी नवा बिघाड उद्भवतो; तो काढून टाकावा. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते : विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्याने प्रणालीचा गाभा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, तो डिस्कवर साठवून ठेवला जातो. ‘रीस्टार्ट’ केल्यानेच सर्व काही नव्याने सुरू होते.

मग फॉरमॅट की नवा लॅपटॉप? त्याच डिस्कवर फॉरमॅट करून काही आठवडे बरे वाटेल, पण तबकडीचा वेग तोच राहील आणि ती आजारी असेल तर आजारही. माझा सल्ला असा की मदरबोर्ड, म्हणजे सर्व भाग जोडणारा मुख्य सर्किट बोर्ड, धड असल्याची खात्री झाली, म्हणजे एसएसडी बसवून, रॅम ८ जीबी करून आणि विंडोज नव्याने टाकून हा लॅपटॉप वापरावा. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवण्यास मी नको म्हणेन, कारण सदोष डिस्कवरील बिघडलेल्या प्रणाली फाइलीही तिच्याबरोबर येतात. २०१६ च्या सुमाराच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये २.५ इंची, साटा या जोडणीची एसएसडी बसते. रॅम घेताना मात्र डीडीआर३एल आणि डीडीआर४ या प्रकारांतील कोणती आहे ते पाहूनच घ्यावी, कारण एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. डिस्क काढण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही पाहावे. असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी, नाही तर जुन्या डिस्कवरचा मजकूर कायमचा कुलूपबंद होईल.

एक अडचण मोकळेपणाने सांगायला हवी. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि २०१६ मधील प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. आपली भाषांतराची साधने विंडोजवरच चालणारी असतील, तर एसएसडीने लॅपटॉप वेगवान होऊनही सुरक्षिततेचा प्रश्न उरतोच, आणि मग मिळकतीचे काम नव्या यंत्रावर नेणे हेच शहाणपणाचे. केवळ लेखन, ईमेल आणि वाचन असेल, तर विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंटसारखी प्रणाली अशा लॅपटॉपवर उत्तम चालते आणि युनिकोड देवनागरीतही तिच्यावर काहीच अडत नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि ८ जीबी रॅम आहे. तरीही काही दिवसांपासून तो अचानक अत्यंत मंद झाला आहे. टाइप केलेले अक्षरही उशिरा उमटते. डिस्कचा वापर शून्याजवळ आहे, सीपीयू मात्र सतत १०० टक्के दिसतो.

उत्तर : टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात जाऊन सीपीयूचा वेग किती गिगाहर्ट्‌झ दाखवला आहे ते पाहावे. तो ०.४ किंवा ०.८ वर अडकून पडला असेल आणि काहीही केले तरी वर जात नसेल, तर दोष बहुधा अडॅप्टरच्या बाजूचा आहे. अनेक लॅपटॉप आपला अडॅप्टर ओळखून घेतात. पिनमधील बारीक तार तुटली किंवा कमी क्षमतेचा अडॅप्टर लावला, की पुरेशी वीज मिळणार नाही असे समजून ते प्रोसेसरचा वेग जखडून ठेवतात. अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवताच लॅपटॉप हलका वाटू लागला, तर निदान पक्के झाले. मूळ क्षमतेइतका दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. तसे नसेल आणि वेग तापल्यानंतरच खाली येत असेल, तर वरच्या उत्तरातील पंख्याविषयीचा भाग वाचावा.

प्रश्न : हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येतो आणि ती दिसेनाशी झाली आहे. थंड करून किंवा हलकेच आपटून ती काही वेळ चालते असे ऐकले. करून पाहू का?

उत्तर : कृपया करू नये. वाचणारे हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धुळीचा कणही त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा. टकटक आवाज म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा मूळ स्थानी परतते आहे. अशा वेळी प्रत्येक वेळी वीज दिल्याने तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका असतो आणि ओरखडलेल्या जागेवरील मजकूर कोणालाही परत आणता येत नाही. थंड केलेल्या डिस्कच्या आत दव धरते, आपटल्याने हेड तबकडीवर आदळते. त्यातील मजकूर महत्त्वाचा असेल तर डिस्क आता एकदाही चालू करू नये, उघडू नये, आणि धूळविरहित कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे आहे तशी सोपवावी. सोपवताना ती शेवटची कधी चालली, त्यानंतर किती वेळा चालू केली आणि आपल्याला नेमक्या कोणत्या फाइली हव्या आहेत, हे लिहून द्यावे. त्या फाइलींपासूनच सुरुवात करायची की नाही हे त्यांना त्यावरून ठरवता येते.